सूपभर दादर

आमच्या यांचं नाव उखर्डू. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण मी घेते. सगळं बहादरपूर गाव दिवसभर घेतं, मग मीच काय पाप केलंय? लग्न ठरलं तेव्हा रावेरला माझ्या मैत्रिणी हे नाव ऐकून तोंडाला पदर लावून हसल्या होत्या, आणि खोटं कशाला बोलू, मीही हसले होते. मग आईनं मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, सुमन, ज्या घरात लेकरं जगत नाहीत त्या घरात असलं नाव ठेवतात, तेव्हा दात काढू नकोस.

झालं होतं ते असं. यांच्या आधीची भावंडं बाळसं धरायच्या आतच गेलेली. म्हणून हे जन्मले तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं की याला आपलं म्हणायचंच नाही. सुपात घातलं आणि परसातल्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारच्या घरची सून मालूबाई, ठरल्याप्रमाणे तिकडून आली, "कोणाचं लेकरू टाकलंय गं हे?" असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलली आणि उचलून आपल्या घरी घेऊन गेली. म्हणजे मरण दाराशी आलंच तर त्याला वाटावं, या घरी लेकरू नाहीच, टाकलेलं होतं ते कुणीतरी नेलं. उकिरड्यावरचा म्हणून नाव उखर्डू. आता तुम्ही याला काय म्हणायचं ते म्हणा, पण लेकरू जगलं. यांची आई मात्र बाळंतपणातल्या तापातून उठलीच नाही. मालूबाईची मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. मालूबाईनं एका बाजूला तिला घेतलं आणि एका बाजूला यांना, आणि दोघांना वाढवलं.

पुढे मालूबाईच्या मुलानं बुऱ्हाणपूरच्या शनवारा भागात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि ते सगळे तिकडे राहायला गेले. आणि तेव्हापासून आमच्या यांचं ते सुरू झालं. रोज सकाळी, केळीच्या गाडीचं काम असो नसो, मोटरसायकलला किक मारायची आणि शनवारा गाठायचा. मालूबाईच्या ओट्यावर केळीची एक फणी ठेवायची. आमच्या बागेत जी सगळ्यात चांगली निघेल ती. मग पायरीवर बसायचं आणि काल काय काय बरं झालं ते तिला सांगायचं.

हो, बरं झालेलं तेवढंच. रडगाणं नाही. "माय, काल लाइट वेळेवर आली. मोटर जळता जळता वाचली. इच्छापूरहून येताना बस भरलेली होती तरी खिडकीची जागा मिळाली. तुझ्यामुळे बघायला मिळालं." हे शेवटचं वाक्य ठरलेलं. आणि मालूबाई म्हणणार, "बरं. अजून बघ." झालं, मग हे उठणार. मंदिरात गेलेत का कधी रोज? नाही. यांची पूजा म्हणा, पाठ म्हणा, तो तेवढाच. ताप असला तरी जायचे, मुलीच्या लग्नादिवशी मांडवातून उठून गेले होते. वऱ्हाड दारात आणि मुलीचा बाप शनवाऱ्यात! मला त्या दिवशी कोणाकोणाला काय काय उत्तरं द्यावी लागली ते माझं मलाच ठाऊक.

मला राग यायचा. का येऊ नये? सकाळचा पहिला चहा माझ्या हातचा आणि बोलणं दुसऱ्या ओट्यावर. घरी यांचं तोंड म्हणजे कुलूप. जेवण झालं की ताट सरकवायचं, मिशीवरून हात फिरवायचा आणि बाहेर बाजेवर. चांगलं झालं नाही, वाईट झालं नाही, मीठ जास्त पडलं तरी तेच आणि कमी पडलं तरी तेच. मालूबाईची सून प्रतिभा शाळेत शिकवते, गोड आहे बोलायला. तिला मी एकदा लाज सोडून विचारलं, काय गं, रोज एवढं सांगतात तर माझं काही येतं का त्यात? ती म्हणाली, काकू, एकदा तुमच्या म्हशीचं नाव आलं होतं.

तेव्हा मी हसले, पण घरी येऊन त्या म्हशीला चारा टाकताना मला रडू आलं होतं.

मग मालूबाईला विसर पडायला लागला. आधी गॅस चालू ठेवायची, मग प्रतिभाला शाळेतली बाई समजून "पोरांना फार मारू नका" म्हणायला लागली, मग पोटच्या मुलाला ओळखेना. यांना तर काय, "कोण रे तू? केळीवाला का?" असं विचारायची. मला वाटलं, आता तरी सुटेल हे. छे. हे रोज जायचे. रोज ती विचारायची कोण, रोज हे सांगायचे उखर्डू, आणि मग मोटर, लाइट, बस, सगळं सांगून "तुझ्यामुळे बघायला मिळालं" म्हणून थांबायचे. पुढचं उत्तर काही यायचं नाही. ती रस्त्यावरच्या रिक्षा बघत बसायची. हे थोडा वेळ वाट बघायचे आणि निघायचे. प्रतिभा सांगायची की काकू, मला बघवत नाही हो. मलाही ऐकवत नव्हतं. माझा राग कुठे गेला कोण जाणे, मी मुकाट्यानं फणी पिशवीत घालून द्यायला लागले.

दिवाळीनंतर बागेत घड कापायचं काम चालू होतं. तिथंच यांना छातीत दुखायला लागलं. घामानं अंग डबडबलेलं, आणि हे म्हणतात पित्त झालंय. तुषारनं, माझ्या मुलानं, एक अक्षर ऐकलं नाही, उचलून गाडीत घातलं. बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली आणि लगेच इंदूरला पाठवलं. तिथं नळी घालून बघितलं तर हृदयाच्या नसा बंद. ऑपरेशन करावं लागेल, छाती उघडून. डॉक्टर हिंदीत समजावून सांगत होते. गोळ्यांवर चार-आठ दिवस निघतील, पण जास्त लांबवू नका, पुढचा झटका सांगून येणार नाही, असं ते स्पष्ट बोलले.

यांनी हात जोडून सांगितलं, एकदा घरी जाऊन येतो. आणि घरी आल्यावर म्हणाले, मी परत जाणार नाही.

आधी मला वाटलं घाबरलेत. घाबरणारच, माणूस आहे. तुषारनं समजावलं, पापा, आजकल हे रोज होतं, टेन्शन नको घेऊ. आमच्या व्याह्यांनी फोन केला. हे सगळ्यांना मान हलवून हो म्हणायचे आणि पिशवी भरायला घेतली की बाजेवर जाऊन झोपायचे. मोटरसायकल बंद झालेली, तरी तुषारला सांगून रिक्षानं शनवाऱ्यात जायचे. एक दिवस दुपारी मी यांच्या समोर जाऊन बसले आणि म्हटलं, आज खरं काय ते सांगा, नाहीतर मी उठणार नाही.

मग म्हणाले, "ती 'अजून बघ' म्हणेल तेव्हा जाईन."

मी म्हटलं, अहो, ती पोटच्या लेकाला ओळखत नाही. ती काय म्हणणार? तर म्हणाले, तुला ठाऊक नाही. उकिरड्यावरून उचललेलं लेकरू तसंच घरी आणता येत नाही, ते विकत घ्यावं लागतं. आईनं सूपभर दादर घेऊन जायचं, उचलणारीच्या पदरात घालायचं आणि लेकरू मागायचं. मग ते आईचं होतं. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. यांची आई त्याआधीच गेली. बापाला कुठलं भान? त्यानं नुसतं उचलून घरी आणलं. सौदा राहिला तो राहिलाच.

"मला कुणी घेतलंच नाही," हे म्हणाले. "मी अजून तिचाच आहे. तिनं सांगितलं म्हणून मी रोज एक दिवस बघतोय. आता तिनं सांगितल्याशिवाय त्या टेबलावर कसा जाऊन झोपू?"

साठी ओलांडलेला माणूस. मिशा पांढऱ्या झालेल्या, दोन पोरांची लग्नं केलेली, सगळ्या गावाची पंचायत मिटवणारा. आणि इतकी वर्षं हे मनात घेऊन हिंडत होता! मला दया यायला हवी होती. पण माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"तिनं तुम्हाला एकदा उचललं," मी म्हटलं, "मी रोज उचलते. मला नाही का काही? तिच्या ओट्यावर बसून जगातलं सगळं बरं सांगता, लाइटचं सांगता, मोटरचं सांगता. माझं नाव कधी घेतलंत? म्हशीचं घेतलंत."

यांना खरंच कळलं नव्हतं मी काय विचारतेय ते.

"म्हैस हरवली होती," म्हणाले, "ती सापडली म्हणून सांगितलं. तू कधी हरवलीस?"

मी उठले. आत गेले, रडायचं तेवढं रडले, तोंडावर पाणी मारलं. मग कोठीतली दादर काढली. सूप शोधलं, हल्ली धान्य साफ होऊनच येतं त्यामुळे ते माळ्यावर पडलेलं होतं. झटकलं, धुतलं, उन्हात वाळवलं. कडेपर्यंत दादर भरली आणि तुषारला म्हटलं, रिक्षा बोलाव. तो म्हणाला, मम्मी, ये क्या चल रहा है? मी म्हटलं, तुझ्या बापाला विकत घ्यायला चाललेय, तू मध्ये बोलू नको.

हे रिक्षात बसले. मी मांडीवर सूप घेऊन, वर ओढणीचं फडकं बांधून. रस्ता खोदलेला, दर खड्ड्याला माझा जीव वरखाली. दाणा सांडला तर अपशकुन होईल का असलं काहीबाही मनात येत होतं. मी काही देवभोळी नाही. पण माझ्या माणसाला इंदूरला न्यायचं होतं आणि त्याची वाट या सुपातून जात असेल तर मी सूप तर सूप, अख्खी कोठी डोक्यावर घेऊन गेले असते.

प्रतिभा नुकतीच शाळेतून आली होती. मी तिला दारातच सगळं सांगितलं. ती बिचारी म्हणाली, काकू, मी आईंना पढवून ठेवू का? नुसतं "घे" म्हणायचं आहे ना, म्हणतील त्या. मी म्हटलं बघ. तिनं आत जाऊन दोन-तीनदा पढवलंही. मालूबाईनं तिला विचारलं, आज शाळा लवकर सुटली का?

मालूबाई खाटेवर बसली होती, धुतलेली पांढरी नऊवारी, अंगाचं नुसतं चिपाड झालेलं. हे खाली फरशीवर बसले, रोज पायरीवर बसतात तसे. मी सूप तिच्यासमोर ठेवलं आणि फडकं सोडलं.

दाणे बघून ती जरा पुढे झाली. जन्म शेतात गेलेली बाई, हात आपोआप सुपात गेला. एक दाणा उचलून दाताखाली धरला. म्हणाली, दादर आहे. मी म्हटलं, हो माय, घरची. मग कशाला आणलीस विचारलं. मी पदर डोक्यावर घेतला. कधी कुणाकडे असं काही मागितलं नव्हतं.

"तुमचं लेकरू विकत घ्यायला आले," मी म्हटलं.

तिनं इकडेतिकडे बघितलं. कुठंय म्हणून विचारलं. मी यांच्याकडे बोट दाखवलं. तिनं हात लांब करून यांच्या डोक्यावर ठेवला, केसांतून फिरवला, कान चाचपला, गालापर्यंत आणला. हे डोळे मिटून बसले होते. मग तिनं दुसऱ्या हातानं सूप माझ्याकडे ढकललं, इतक्या जोरात की ओंजळभर दाणे फरशीवर सांडले.

"नाही द्यायचं," ती म्हणाली.

प्रतिभा पुढे झाली, म्हणाली, आई, असं काय करता, द्या ना. ती ऐकेना. मी म्हटलं अजून एक सूप आणते. नाही. लुगडं आणते. नाही. मला वाटलं मी हे काय करून बसले. आता हा माणूस उठणार, घरी जाऊन बाजेवर झोपणार आणि मी कितीही डोकं आपटलं तरी इंदूरचं नाव काढणार नाही. सगळा घोळ माझ्याच हातानं झाला.

मालूबाईनं मला खालून वर बघितलं. "तू कोण? सांभाळशील का नीट?" तिनं विचारलं.

आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या! लोक म्हणतात सुमन झोपेत पण भांडते. त्या दिवशी नुसती उभी राहिले.

मग हे बोलले. तिच्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून, अगदी हळू.

"सांभाळते, माय. चांगली आहे ही. माझा बाप अंथरुणाला खिळला होता, त्याचं सगळं हिनं केलं, कधी नाक मुरडलं नाही. वादळात बाग आडवी झाली, मी बांधावर बसून राहिलो, तर ही आली आणि शेजारी बसली. एक शब्द बोलली नाही. हिला बोलल्याशिवाय राहवत नाही, पण त्या दिवशी बोलली नाही. भाकरीची वरची बाजू मला वाढते, करपलेली आपण खाते. तिला वाटतं मला दिसत नाही. मी चिडून ताट सरकवलं ना, तर दुसऱ्या दिवशी माझ्या आवडीचंच करते. तुला रोज फणी आणतो ती हीच निवडून ठेवते, डाग पडलेलं एक केळ घालत नाही. राग आला तरी घालत नाही. मी हिला कधी काही म्हटलं नाही, माय. मला वाटलं तिला ठाऊक असेल." मग परत म्हणाले, "मला हिला देऊन टाक. मला हिच्याकडे राहायचंय."

प्रतिभानं तोंड फिरवलं. तुषार दारात उभा होता, तो बाहेर निघून गेला. मी माझा पदर तोंडात कोंबला होता, कारण मला मोठ्यानं रडायचं नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं ज्याची वाट बघितली ते असं दुसऱ्या बाईला सांगताना ऐकायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

मालूबाईला किती कळलं, मला माहीत नाही. तिनं यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग सूप पुन्हा आपल्याकडे ओढलं, पदर पसरला आणि मला खूण केली. मी दादर तिच्या पदरात ओतली. तिनं यांचा हात धरून माझ्या हातात दिला.

"घे," ती म्हणाली. "पण भूक लागली की हा रडतो. लगेच दे. थांबवून ठेवू नको."

मी म्हटलं, हो माय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही इंदूरला निघालो. यांनी वाटेत एकदा पण कुरकुर केली नाही. खंडव्याच्या पुढे गाडी थांबवून मला चहा पाजला, स्वतः प्यायले नाहीत कारण डॉक्टरांनी चहा कमी सांगितला होता, नुसते माझ्याकडे बघत बसले. मी म्हटलं काय बघता, तर म्हणाले काही नाही.

ऑपरेशनच्या वेळी मी बाहेर बाकावर होते. तुषार सारखा उठून दारापर्यंत जाऊन यायचा. मी देवाला काही बोलले नाही, माझं डोकंच चालत नव्हतं. मी मनातल्या मनात आपलं मागचं आठवत बसले. पहिल्यांदा सासरी आले तेव्हा यांनी विहिरीवर मला घागर उचलू दिली नव्हती. तुषार झाला तेव्हा पाळण्याची दोरी रात्रभर ओढायचे आणि सकाळी म्हणायचे मला झोप लागत नाही. मीही यांचं कधी कुणाजवळ बोलले नव्हते. माझ्याकडे ओटा नव्हता एवढंच, पण तोंड तर होतं.

शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, अच्छा हुआ है, माताजी, घबराओ मत. दुसऱ्या दिवशी मला आत जाऊ दिलं. माझ्या अंगात हिरवा झगा, डोक्याला टोपी, नाकावर फडकं. यांच्या अंगभर नळ्या, चेहरा उतरलेला, ओठ फुटलेले. मी जवळ जाऊन उभी राहिले. यांनी डोळे उघडले, मला बघितलं, ओठ हलवले. मी कान जवळ नेला.

"भूक लागली," म्हणाले.

आणि डोळ्यांच्या कडेनं पाणी वाहायला लागलं.

सिस्टर धावत आली, म्हणाली, अम्मा, अभी कुछ नहीं देना, थोडी देर बाद डाल का पानी मैं दूँगी, आप बाहर जाओ. मी म्हटलं, डाळीचं पाणी तर डाळीचं पाणी, पण थांबणार नाही आणि बाहेरही जाणार नाही. ती म्हणाली असा नियम नाही. मी तिला माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं की बेटी, तुझा नियम तुझ्याजवळ ठेव. सूपभर दादर देकर लिया है मैंने इनको, कबूल करके आई हूँ, आण तो चमचा इकडे.